आरशातून पाहा

डोळ्याचा पडदा भाजला तर दुखत नाही.

बोटाला चटका बसला की माणूस हात झटकतो. जीभ पोळली की दोन दिवस चहा फुंकून पितो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला मात्र दुखण्याची सोयच नाही. तो जळत असतो आणि माणूस वर बघत मजेत उभा असतो. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या नेत्रविभागात काढली, मोजता येणार नाहीत इतक्या डोळ्यांत बॅटरी मारली, तरी या एका गोष्टीचा धक्का माझ्या मनातून गेलेला नाही. देवानं म्हणा, निसर्गानं म्हणा, इतकं नाजूक यंत्र घडवलं आणि त्याला ओरडायला तोंड दिलं नाही.

मी डॉक्टर नव्हे, नेत्र सहाय्यक. म्हणजे रुग्णाकडून तक्ता वाचून घ्यायचा, चष्म्याचा नंबर काढायचा, थेंब घालायचे, मोतीबिंदूच्या शिबिरांना गावोगाव जायचं. लोकांच्या तोंडी मी ‘नंबरवाली बाई’. या नावापायी माझ्या सासरच्या एका पाहुण्यांनी एकदा फार काळजीनं चौकशी केली होती, कारण आमच्या शहरात तेव्हा नंबर म्हटलं की आधी मटका आठवायचा.

एकेक नमुने भेटले. चिकलठाण्याच्या कारखान्याचा ट्रक चालवणारे एक गृहस्थ खुर्चीवर बसले आणि तक्त्याच्या सातही ओळी घडाघडा म्हणून मोकळे झाले. मी अजून तक्त्याचा दिवा लावलेला नव्हता. रांगेत पुढं असलेल्यांचं ऐकून त्यांनी सगळं पाठ केलं होतं. मी तक्ता बदलला, तर समोर भिंत कुठं आहे तेही त्यांना सांगता येईना. आणि हा माणूस रोज जालना रोडवरून ट्रक नेत होता. अशांना मी फाडफाड बोलायची. माझी जीभ तिखट, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसायची.

ग्रहणाशी माझी गाठ पडली ती ऐंशी सालच्या फेब्रुवारीत. नोकरी नवी होती. दुपारी ग्रहण लागलं आणि शहरात संचारबंदी असावी तसा शुकशुकाट झाला. गुलमंडीवर कुत्रंसुद्धा नव्हतं. निजामाच्या काळातल्या आमच्या त्या उंच खिडक्यांच्या ओपीडीत डॉक्टर आणि मी दोघंच बसून होतो. लोक किती भित्रे आहेत म्हणून मी मनसोक्त हसले. आठवड्यानं कॉलेजातला एक मुलगा आला. त्यानं फोटोची निगेटिव्ह डोळ्यासमोर धरून ग्रहण बघितलं होतं. त्याला पुस्तकातली ओळ दिसायची, पण ज्या शब्दावर नजर ठेवावी तोच शब्द गायब. इंजिनियर व्हायला निघालेला मुलगा माझ्यासमोर बसून रडला. मी हसणं बंद केलं.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. लहानपणी भिंगानं कागद जाळला नाही असा माणूस विरळा. डोळ्यात पुढं तसंच भिंग आहे, आणि मागं कागदाच्या जागी पडदा. आपण ज्याच्याकडं रोखून बघतो त्याचा प्रकाश पडद्याच्या बरोबर मधल्या बिंदूवर पडतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं, सगळं त्या मोहरीएवढ्या जागेचं काम. एरवी सूर्याकडं बघवतच नाही, म्हणून आपण वाचतो. ग्रहणात उजेड कमी होतो, डोळे मिटावेसे वाटत नाहीत, बाहुली मोठी होते, आणि माणसाला वाटतं आता चालतंय. पण सूर्याची जी कोर उघडी असते ती नेहमीइतकीच तापलेली असते. तिच्यात कसलीही सूट नसते. काजळी धरलेली काच, गॉगल, एक्स-रेची फिल्म, हळदीच्या पाण्याची परात, यांतलं काहीही भरवशाचं नाही. ग्रहणासाठी मुद्दाम बनवलेला, तपासलेला, ओरखडा नसलेला चष्मा तेवढा चालतो.

तो नसेल तर सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे सूर्याकडं पाठ करणं. जाड कागदाला सुईनं भोक पाडायचं आणि त्यातून आलेलं ऊन दुसऱ्या कागदावर पाडायचं. कागदावर सूर्याची चिमुकली कोर उमटते. कडुनिंबाखाली गेलं तर पानांच्या फटींतून शेकडो कोरी जमिनीवर पडलेल्या असतात. घरातला बुंदीचा झारा उन्हात धरला तरी भोकागणिक एकेक ग्रहण मिळतं. आणखी एक पद्धत आरशाची. आरशावर कागद चिकटवून मध्ये नाण्यापेक्षा लहान भोक ठेवायचं आणि त्याचा कवडसा लांबच्या, सावलीतल्या भिंतीवर पाडायचा. बघायचं ते भिंतीकडं. आरशाकडं चुकूनही नाही.

पंच्याण्णव साली ग्रहण आलं ते ऐन दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आपल्याकडं खंडग्रास होतं, पण सूर्याचा मोठा घास जाणार होता. त्या कॉलेजातल्या मुलाची आठवण माझ्या डोक्यात होतीच. मी वरिष्ठांच्या मागं लागून पाच पाट्यांची मंजुरी मिळवली. एसटी स्टँडांवर लावायच्या, म्हणजे येणारे-जाणारे वाचतील. मजकूर मीच लिहिणार होते. लिहिणं मला चांगलं जमतं असा माझा समज होता, आणि विभागातल्यांनी तो वाढवून ठेवला होता.

शहागंजात हनीफभाई नावाचे पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांना मी कागद दिला: ‘सूर्याकडे थेट पाहू नका. आरशाने भिंतीवर कवडसा पाडून त्यात ग्रहण पाहा.’

हनीफभाईंनी कागद पाटीवर धरून बघितला आणि मान हलवली. “मॅडम, इत्ता नै बैठता इस में. हरूफ बारीक करे तो बस में बैठे सो आदमी क्या पढेगा?”

अक्षरं बारीक केली तर बसमधल्यांना वाचता येणार नाहीत, हे म्हणणं बरोबर होतं. दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या मी पेन काढलं आणि दुसरं वाक्य कापलं. भिंत गेली, कवडसा गेला. राहिलं ते असं: ‘सूर्याकडे थेट पाहू नका. आरशातून पाहा.’

“बस?” त्यांनी विचारलं.

“बस,” मी म्हणाले. किती सुटसुटीत झालं, असं वाटून मला आनंदही झाला. मला पद्धत माहीत होती, म्हणून त्या दोन शब्दांत मला भिंतही दिसत होती आणि कवडसाही. वाचणाऱ्याला त्यातलं काही दिसणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हनीफभाईंनी वर लाल सूर्य काढून दिला आणि पाच पाट्या पाच ठिकाणी गेल्या.

ग्रहणाच्या सकाळी मी दवाखान्याच्या आवारात झारा घेऊन उभी होते. रात्रपाळीच्या सिस्टर, दोन वॉर्डबॉय आणि रुग्णांचे काही नातेवाईक जमले. फरशीवर कोरी पडल्या तेव्हा एका म्हातारबाबांनी टोपी काढून त्यांना नमस्कार केला. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

भाऊबीज झाली आणि ओपीडी भरली. गॉगल लावून बघितलेला एक दुकानदार आला, त्याचं नशीब चांगलं, थोडक्यात निभावलं. त्याच्यानंतर भागिनाथ आला.

भागिनाथ वेरूळचा. वय पस्तिशीचं. बाप मेंढरं राखायचा. हा मात्र लेण्यांवर कामाला लागला होता आणि त्याचं काम मोठं नवलाचं होतं. लेण्यांच्या आत खोल गाभाऱ्यात उजेड पोचत नाही. हा बाहेर उन्हात मोठा आरसा घेऊन उभा राहायचा, ऊन आत पाठवायचा आणि नेमकं मूर्तीच्या तोंडावर टाकायचा. गाईड बोलत असताना अंधारातून मूर्तीचा चेहरा उजळायचा, तो याच्या हातानं.

“बाई, मधी डाग हाय,” तो म्हणाला.

“कशात?”

“ज्याच्याकडं बघावं त्याच्यात. तुमची साडी दिसती, खुर्ची दिसती. तोंड दिसत नाय.”

मी तक्ता वाचायला सांगितला. सगळ्यांत वरचं मोठं अक्षर त्यानं मान तिरपी करून कसंबसं ओळखलं. मग मी भोकाची चकती डोळ्यापुढं धरली. आमच्याकडं ही साधी युक्ती आहे. चकतीच्या बारीक भोकातून जास्त चांगलं दिसलं तर दोष चष्म्यानं सुटणारा, नाही दिसलं तर दोष आतला. त्याला काही फरक पडला नाही. मग चौकटी आखलेला कागद दिला, मधल्या ठिपक्याकडं बघ आणि डाग कुठं येतो तो पेन्सिलीनं काढ म्हटलं. एकेक डोळा झाकून त्यानं दोन चित्रं काढली.

त्यानं काढलेला डाग गोल नव्हता. दोन्ही कागदांवर चंद्रकोर होती. ग्रहणातल्या सूर्याची कोर पडद्यावर छापली गेली होती आणि हा माणूस आपल्या हातानं तिची नक्कल काढून मला देत होता. मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

“ग्रहण बघितलंस?”

“बघितलं.”

माझी जीभ सुटली. किती कानीकपाळी ओरडायचं, तुमच्या वेरूळच्या स्टँडवरसुद्धा एवढाली पाटी लावली, तुला वाचता येत नाही का, असं सगळं मी त्याला सुनावलं.

“येतं की,” तो म्हणाला. “वाचूनच बघितलं. थेट नाय बघितलं बाई. आरशातून बघितलं. पाटीवर लिव्हलंय तसं.”

मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, शब्दही तेच. ते माझे शब्द होते.

मग बाकीचं कळत गेलं. गावात जमलेल्यांना त्यानंच अडवलं होतं, वर बघू नका, सरकारनं आरशातून बघायला सांगितलंय म्हणून. लेण्यावरचा आरसा आणून पोत्याला टेकवला होता. सूर्य सरकतो तसा आरसा फिरवावा लागतो, आणि ते काम दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. म्हणून सूर्य आरशात नीट आला की नाही हे परत परत तोच बघत होता. आरशातला सूर्य म्हणजे सूर्यच, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

“आणि बाकीच्यांनी किती बघितलं?” मला विचारवत नव्हतं.

“एकेक झलक. डोळं दिपलं का बाजूला व्हायचे. मला उनाची सवय, म्या लई वेळ बघितलं.”

“पोरं होती?”

“नाय. पोरं आयांनी घरात कोंडली व्हती, गिऱ्हाण बाधतंय म्हणून.”

ज्या बायकांना मी पंधरा वर्षं अडाणी म्हणत आले होते, त्यांनी आपली पोरं माझ्या पाटीपासून वाचवली होती. आणि त्याहून वाईट गोष्ट मला त्याच क्षणी कळली. आरशानं भिंतीवर कवडसा पाडणं हे या माणसाचं रोजचं काम होतं. मी पुरतं वाक्य लिहिलं असतं तर अख्ख्या जिल्ह्यात ते त्याच्याइतकं झकास कुणालाच जमलं नसतं.

डॉक्टरांनी थेंब घालून पडदा बघितला. यावर औषध नाही, काही महिन्यांत आपोआप सुधारतं, कधी पूर्ण, कधी अर्धं, कधी नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. भागिनाथनं एकच विचारलं. “मूर्तीच्या तोंडावर ऊन पडलं का नाय ते मलाच दिसलं नाय, तर मला कामावर कामून ठिवतील?” डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी केसपेपर भरत होते. कारणाच्या जागी मी लिहिलं, ‘सूर्यग्रहण पाहिले.’ कोणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलं नाही.

पाट्या मात्र मी त्याच दिवशी उतरवून हनीफभाईंच्या दुकानी आणल्या. हनीफभाईंना वाटलं मी त्यांना बोल लावते आहे. “मेरे कू तो तुम बोले सोइच लिखा मैं,” ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

पुढचे चार महिने भागिनाथ दर महिन्याला यायचा. दर वेळी तक्ता, चकती, चौकटींचा कागद. उजव्या डोळ्यातली कोर बारीक होत गेली आणि एकदा त्यानं कागद कोराच परत दिला. डाव्यातली तशीच राहिली. दर वेळी मी ठरवायची की आज सांगायचं, आणि दर वेळी पुढच्या रुग्णाला हाक मारायची. मी भित्री निघाले, हे मी इथं स्वच्छ लिहून ठेवते. लोकांना मी फाडफाड बोलेनाशी झाले तेव्हा विभागात सगळ्यांना वाटलं, बाईंची तब्येत बरी नाही.

महाशिवरात्रीची जत्रा उरकल्यावर वेरूळला आमचं मोतीबिंदूचं शिबिर लागलं. सकाळचे रुग्ण संपवून मी लेण्यांवर गेले. भागिनाथ आरसा घेऊन बाहेर उभा होता. आत गाईडचं बोलणं चालू होतं. उजेड बुद्धाच्या गुडघ्यांवर पडला, छातीवर चढला, गळ्याशी थांबला. आतून गाईडचा आवाज आला, “जरा वर, भागिनाथ.” तो वर गेला आणि चेहरा उजळला.

पर्यटक गेल्यावर त्यानं मला बघितलं, तेही आधी थोडं बाजूला बघून. “आता म्या तोंडाकडं बघत नाय बाई,” तो म्हणाला. “कानाकडं बघतो, मंग तोंड दिसतं. बाकी गाईडसाहेब आवाज देतेत. दुसरा कुणी असता तर कधीच काढला असता.” म्हणजे गाईड सांभाळून घेत होता तोवर काम होतं.

मी सांगून टाकलं. पाटी मी लिहिली होती. पुरतं वाक्य असं होतं, मी ते कापलं, आणि कापताना आनंदात होते, हेसुद्धा सांगितलं.

तो आरसा पुसत राहिला. मी शिव्यांची वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“म्हंजी चूक पाटीची व्हती,” तो अखेर म्हणाला.

“माझी होती.”

“मंग हे माझ्या आईला सांगा. आत्ता चला.”

त्याच्या घरी त्याची आई दारात बसून तूर निवडत होती. म्हातारी वाळून काडी झाली होती. ओठ फुटलेले होते. वाटेत भागिनाथनं मला सांगितलं होतं: लेकाचा डोळा परत येत नाही तोवर सूर्य आभाळात असताना पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं तिनं धरलं होतं. ग्रहणानंतर चार महिने हे चालू होतं आणि आता उन्हाळा लागत होता. तो समजावून थकला होता. दवाखान्यातल्या बाईंचं तरी ती ऐकेल, अशी त्याला आशा होती.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. आरसा म्हणजे काय, डोळ्यात भिंग कसं असतं, वाक्य कसं होतं, मी काय कापलं, सगळं सांगितलं. एकदा सांगून भागलं नाही म्हणून दुसऱ्यांदा सांगितलं. माझ्यामुळं तुमच्या लेकाचा डोळा गेला, असं मी हात जोडून म्हणाले. तिनं तूर निवडणं थांबवून सगळं ऐकलं.

“पाटी तर समद्या गावानं वाचली बाई,” ती म्हणाली. “मंग डोळा माझ्याच लेकाचा कामून गेला?”

“कारण तो सगळ्यांत जास्त वेळ बघत होता.”

“तेच. त्याला कुणी हलू दिलं नाय?” तिनं आवाज खाली आणला. “गिऱ्हाणात पाणी पिऊ नये. समदे भायेर व्हते. माझ्या घशाला कोरड पडली. म्या माठातलं तांब्याभर पिले. कुणी बघितलं नाय.” मग माझ्या जोडलेल्या हातांवर तिनं आपला हात ठेवला. “तू मनाला लावून घेऊ नको. तू लेकराबाळाची दिसती. तुझ्या हातून काय झालं नाय. पाणी म्या पिले.”

माझ्याकडं उत्तर होतं. पंधरा वर्षं मी तेच उत्तर लोकांना देत आले होते, तावातावानं, कधी हसून. त्या दिवशी ते मी आणखी एकदा दिलं, आणि तिनं मान डोलावून ऐकलं, रडणाऱ्या मुलाचं ऐकतात तसं. मग ती उठली, माठातून तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं धरला. “उनातानातनं आलीस. पी.”

बाहेर लख्ख दुपार होती. मी प्यायले. तिनं तांब्या परत घेतला, उरलेलं पाणी दारातल्या तुळशीला घातलं आणि पुन्हा तुरीपुढं बसली.

भागिनाथचं काम टिकलं. डाव्या डोळ्यातली कोर मात्र शेवटपर्यंत गेली नाही. म्हातारी त्यानंतर सहा उन्हाळे जगली. ती गेल्याचं सांगायला तो मुद्दाम ओपीडीत आला होता. सकाळी गेली, तो म्हणाला, ऊन वर आलं होतं, आणि शेवटचं पाणी तोंडात घालायला गेलो तर तिनं दात मिटून घेतले.